बोटीच्या आदल्या रात्री जेवावे कुठे?

मंडळी, आपले कल्याण हे फार जुने बंदर आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक भाषेतल्या पुस्तकात कल्याणचे नाव आढळते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. पुढे याच खाडीकाठी मराठी आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. मग १८५४ साली रेल्वे कल्याणला आली. माणसे रुळांवरून जाऊ-येऊ लागली आणि खाडी मागे पडली. आज आपल्या तालुक्यात अशी कितीतरी माणसे आहेत, की ज्यांचा जन्म खाडीजवळ गेला, पण त्यांनी समुद्रात बोटीचा प्रवास कधी केला नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गातली मंडळी अशीच होती. वर्ष संपत आले तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, पुस्तक वाचून झालं. आता एकदा बोटीतून नेऊन आणा."

थंडीचे दिवस होते. आम्ही सात जण निघालो. कल्याणहून लोकलने मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. हे अंतर ५४ किलोमीटर आहे. तेथून गेटवे ऑफ इंडियाला गेलो. गेटवेहून मांडव्याला लाँच जाते. सुमारे एक तास लागतो. मांडव्याहून बसने अलिबाग. दुसरीही एक वाट आहे. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते. तिच्यात माणसांबरोबर मोटारीही चढतात.

अलिबागला ओहोटी होती. पाण्यातून चालत कुलाबा किल्ला पाहिला आणि भरती यायच्या आत माघारी आलो. रात्री झोपायची सोय एका ओळखीच्या घरी, ओटीवर होती. पण त्या घरी बाळंतीण होती. अशा घरावर सात माणसांच्या जेवणाचा भार घालणे बरे नव्हे. म्हणून जेवण बाहेर करायचे ठरले.

सकाळच्या पहिल्या बोटीने परत फिरायचे होते. आमच्यातला एक जण डोंबिवलीच्या कारखान्यात कामाला आहे. त्याची दुसरी पाळी होती. बोट चुकली तर त्याचा खाडा होणार आणि दिवसाचा पगार जाणार. म्हणजे जेवण वेळेवर हवे, झोप वेळेवर हवी, आणि सकाळी पोटही ठीक हवे.

आता वाचकहो, आमची अडचण ऐका. सात माणसे म्हणजे सात तऱ्हा. एक काका माळकरी. ते मासे-मटण शिवत नाहीत. एकाला मधुमेह. त्याला डॉक्टरांनी भात कमी खायला आणि जेवणाची वेळ न चुकवायला सांगितलेले. चौघांना समुद्रावर येऊन मासे खाल्ल्याशिवाय चैन पडणार नव्हती. आणि पैसे? रात्रीच्या जेवणासाठी माणशी २५० रुपये काढलेले होते. सात माणसांचे झाले १७५० रुपये. त्यापलीकडे खिशात हात घालायचा नव्हता.

या सात जणांत एक आत्या होत्या. वय साठीच्या पुढे. सारा गाव त्यांना आत्याच म्हणतो. त्या वर्गात सर्वांत उशिरा आल्या आणि सर्वांत नेमाने आल्या.

आकडा नसलेली ओळ

किनाऱ्यावर दिव्यांची रोषणाई केलेले एक हॉटेल होते. पोरे म्हणाली, "इथेच बसू." आम्ही बसलो. बसल्याबरोबर वाढप्याने पाण्याच्या चार बाटल्या आणून ठेवल्या. हातात मेनू कार्ड दिले.

आत्यांनी कार्ड जवळ ओढले. बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागल्या. "पा-प-लेट. सु-र-मई." मग थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, इथं आकडाच नाही. नुसती तीन अक्षरं आहेत. ए, पी, एस."

मी पाहिले. आत्यांचे म्हणणे बरोबर होते. किनाऱ्यावरच्या पुष्कळ हॉटेलांत माशांपुढे भाव लिहीत नाहीत. 'एपीएस' असे लिहितात किंवा 'आकाराप्रमाणे' असे लिहितात. त्याचा अर्थ, मासा जेवढा मोठा तेवढा भाव. यात लबाडी असतेच असे नाही. बाजारात माशाचा भाव रोज बदलतो. पण तो भाव आपण आधी विचारला नाही, तर तो आपल्याला जेवण झाल्यावर बिलातच कळतो. तेव्हा मासा पोटात गेलेला असतो. परत देता येत नाही.

आत्यांनी वाढप्याला विचारले, "दादा, या पापलेटाचे किती?"

तो म्हणाला, "नऊशे."

"सगळ्यांचे मिळून?"

"एकाचे."

कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती : 'सेवा शुल्क १० टक्के'. ती कारखान्यातल्या गड्याने वाचली.

आता काय करावे? सगळे माझ्याकडे पाहू लागले. उठावे तर लाज वाटते. बसावे तर पैसे पुरत नाहीत. वाढप्याचे तोंडही जरा वाकडे झाले होते. मंडळी, पुष्कळ माणसे इथेच फसतात. भाव त्यांना कळलेला असतो, पण लाजेपायी ती उठत नाहीत.

आत्या मात्र उठल्या. वाढप्याला म्हणाल्या, "दादा, तुमचं हॉटेल छान आहे. पण आमच्या खिशाला झेपणारं नाही. बाटल्या फोडलेल्या नाहीत, त्या घेऊन जा." आणि चालू लागल्या. त्यांच्यामागे आम्ही सहा जण.

बाहेर आल्यावर आत्या मला म्हणाल्या, "गुरुजी, खरं सांगू? आजवर मी कुठल्याही हॉटेलात गेले तर चहाच मागितला. धनी होते तेव्हाही आम्ही दोघं चहाच घ्यायचो. भूक लागलेली असायची. पण चहाचे पैसे ठाऊक होते. बाकी काय लिहिलंय ते कळायचं नाही आणि विचारायची लाज वाटायची. लोकांना वाटायचं, यांना चहा फार आवडतो."

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

विचारावे कुणाला?

मग आम्ही दोन माणसांना विचारले. एक रिक्षावाला आणि एक कोळीण. एकालाच विचारू नये. एखादा माणूस आपल्या ओळखीच्या हॉटेलात नेऊन सोडतो आणि त्याला तिथून काही मिळते. दोघांनी एकच नाव सांगितले तर तिथे जायला हरकत नाही. शिवाय प्रश्नही नीट विचारावा. 'चांगलं हॉटेल कुठं?' असे विचारले तर माणूस मोठे हॉटेल दाखवतो. 'तुम्ही स्वतः कुठं जेवता?' असे विचारले तर खरी जागा कळते.

दोघांनीही आतल्या गल्लीतली एक घरगुती खानावळ सांगितली. समुद्र तिथून दिसत नव्हता. दारात एसटीचे दोन कर्मचारी हात धूत होते. ही खूण चांगली. रोज जेवणारा माणूस वाईट जागी दुसऱ्यांदा जात नाही.

दाराशी काळ्या फळ्यावर खडूने लिहिले होते :

साधी थाळी – १५० रुपये
बांगडा थाळी – २२० रुपये
सुरमई थाळी – ३८० रुपये
जादा भाकरी – २५ रुपये

आत्यांनी सगळा फळा मोठ्याने वाचला. कुणी मदत केली नाही. शेवटची ओळ वाचून झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "चला, आत जाऊ."

बसण्याआधी तीन गोष्टी विचारल्या. पहिली : भाकरी कोणती? खानावळीच्या ताई म्हणाल्या, "तांदळाची आहे. नाचणीचीही करून देते." मधुमेहवाल्याची सोय झाली. दुसरी : माळकऱ्याला चालेल का? ताई म्हणाल्या, "साध्या थाळीची भांडी न् चूल वेगळी आहे." काकांची सोय झाली. तिसरी : वेळ किती लागेल? "अर्धा तास. पण साडेनऊनंतर मी चूल विझवते." ही गोष्टही ध्यानात ठेवा. घरगुती खानावळी लवकर बंद होतात. काही ठिकाणी तर सकाळीच माणसे किती ते सांगून ठेवावे लागते. आयत्या वेळी गेले तर भाकरी मिळत नाही, म्हणून कुणी रागावू नये. घरच्या चुलीवर माणसे मोजूनच पीठ मळतात.

भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर चौदा आकडी नंबर होता. अन्न विकणाऱ्याने सरकारकडे नोंद केली म्हणजे असा नंबर मिळतो. तो दिसेल अशा जागी लावायचा असतो. नंबर आहे म्हणजे जेवण चवदार आहे असे नव्हे. पण धंदा सरकारदरबारी नोंदलेला आहे, एवढे कळते.

मासा ताजा की शिळा?

ताट येईपर्यंत मी मंडळींना थोडे सांगितले. ते तुम्हालाही सांगतो.

ताज्या माशाचे डोळे स्वच्छ आणि फुगीर असतात. कल्ले लाल असतात. अंगावर बोटाने दाबले तर खड्डा पडून राहत नाही, मांस परत वर येते. शिळ्या माशाचे डोळे आत जातात आणि गढूळ होतात. कल्ले काळपट होतात. खानावळीत कच्चा मासा आपल्यापुढे नसतो. पण 'आजचा आहे का, जरा दाखवता का?' असे गोडीने विचारायला हरकत नाही. चांगली खानावळवाली रागावत नाही. ताईंनी बर्फातले बांगडे आणून दाखवले.

बांगडा, कुपा अशा माशांबाबत एक खबरदारी आहे. हे मासे बर्फाशिवाय राहिले तर त्यांच्यात एक दोष तयार होतो. तो दोष शिजवून किंवा तळूनही जात नाही. असा मासा खाल्ला तर थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगावर चट्टे उठतात, डोके दुखते, कधी उलटी होते. म्हणून मासा तिखट-झणझणीत केला म्हणजे चालतो, असे समजू नका. बर्फ आहे का ते पाहा. तोंडात घेताच जीभ चुरचुरली तर तो घास टाकून द्या. दम लागला तर लगेच दवाखान्यात जा.

पावसाळ्याचीही गोष्ट ध्यानात असू द्या. जून आणि जुलै या महिन्यांत यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ असतो. तेव्हा किनाऱ्यावर मिळणारा मोठा मासा बहुधा बर्फात साठवलेला असतो. गेटवे-मांडवा लाँचही पावसाळ्यात बंद ठेवतात.

बोटीआधी किती खावे?

आत्यांनी विचारले, "गुरुजी, बोट हलते तेव्हा पोटात ढवळतं. ते का?"

आपल्या कानाच्या आतल्या बाजूला तोल सांभाळणारा एक भाग असतो. बोट हलते हे त्याला कळते. पण आपण बोटीच्या आत खाली मान घालून बसलो, तर डोळ्यांना काहीच हललेले दिसत नाही. कान सांगतो, 'हलतंय'. डोळा सांगतो, 'हलत नाही'. मेंदूचा गोंधळ होतो आणि मळमळू लागते. म्हणून बोटीत मधोमध बसावे. वारा लागेल असे बसावे. दूर जिथे आकाश आणि पाणी मिळालेले दिसते, तिथे पाहावे. मोबाईलमध्ये डोके घालू नये.

आदल्या रात्री तुडुंब जेवू नये. तेलकट आणि फार तिखट टाळावे. दारू तर नकोच. सकाळी अगदी रिकाम्या पोटीही बोटीत चढू नये. अर्धी भाकरी, एखादे केळे, थोडा चहा एवढे पुरे. ज्याला फार त्रास होतो त्याने डॉक्टरांना विचारून आधी गोळी घ्यावी. बोट सुटल्यावर मळमळू लागले आणि मग गोळी घेतली, तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

तेवढ्यात ताटे आली. बांगडा, कालवण, भाकरी, थोडा भात, सोलकढी. माळकरी काकांना वालाची उसळ. कुणी कुणाशी बोलले नाही. भूक लागलेली होती.

न लिहिलेला आकडा

जेवण झाले. ताई एकट्याच सारे पाहत होत्या. रांधणे त्यांचे, वाढणे त्यांचे, हिशेबही त्यांचाच. त्यांनी वहीच्या कागदावर हिशेब लिहून दिला :

बांगडा थाळी ४ – ८८० रुपये
साधी थाळी २ – ३०० रुपये
जादा भाकरी ४ – १०० रुपये
एकूण – १२८० रुपये

कारखान्यातल्या गड्याने बेरीज करून पाहिली. म्हणाला, "बरोबर आहे."

आत्यांनी कागद घेतला. वाचला. मग पानावरची माणसे बोटाने मोजली. म्हणाल्या, "बेरीज बरोबर आहे. पण आम्ही जेवलो सात. चार बांगडेवाले आणि तीन साधे. इथं साधी थाळी दोनच लिहिलीय."

एक जण हळूच म्हणाला, "राहू दे ना आत्या. चूक त्यांची. दीडशे रुपये वाचले."

आत्यांनी त्याच्याकडे पाहिले. म्हणाल्या, "मघा त्या हॉटेलात भाव लिहिलेला नव्हता म्हणून आपण उठून आलो. आता हिच्या कागदावर आपल्या जेवणाचा आकडा लिहिलेला नाही. आता का गप्प बसायचं?"

तो खाली पाहू लागला. आत्यांनी ताईंना हाक मारली. "अगं बाय, तुझी एक थाळी राहिली बघ. चौदाशे तीस होतात."

ताईंनी कागद पाहिला. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आले. म्हणाल्या, "आत्या, संध्याकाळपासून उभी आहे. दोन थाळ्या जेवल्या की एका थाळीइतकं सुटतं कसंबसं. दीडशे गेले असते तर आजची रात्र फुकटच झाली असती." आणि मग म्हणाल्या, "सकाळी जायच्या आधी या. चहा घेऊन जा."

आत्या म्हणाल्या, "चहाचा भाव काय?"

सगळे हसलो. ताईही हसल्या. "दहा रुपये, आत्या. पण तुमच्याकडून घेणार नाही."

"मग येणार नाही," आत्या म्हणाल्या.

पहाटे आम्ही गेलो. चहा आणि अर्धी-अर्धी भाकरी घेतली. चहाचे सत्तर रुपये आत्यांनी स्वतः मोजून दिले. भाकरीचे मी दिले. पहिली बोट मिळाली. समुद्र शांत होता. कुणाला त्रास झाला नाही. कारखान्यातला गडी दुसऱ्या पाळीला वेळेवर हजर झाला.

बिलाविषयी थोडे कायद्याचे

सेवा शुल्क देणे सक्तीचे नाही. ग्राहकांच्या हक्कांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते मान्य केले. ते शुल्क बिलात लावले असेल तर काढून टाकायला सांगता येते. जीएसटी मात्र वेगळा. तो सरकारचा कर आहे. साध्या हॉटेलात तो जेवणावर ५ टक्के असतो. पण जीएसटी लावणाऱ्याच्या बिलावर त्याचा जीएसटी नंबर छापलेला हवा. दुकानातून पाण्याची बाटली घेतली तर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नका. तक्रार करायची असेल तर १९१५ या नंबरवर फोन करता येतो. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तक्रारीसाठी बिल लागते. म्हणून बिल मागून घ्यावे आणि घरी पोचेपर्यंत जपून ठेवावे.

मंडळी, वाचता येऊ लागले म्हणजे आपल्याला कुणी सहज फसवू शकत नाही, हे तर खरेच. पण आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान होत असेल तर तेही आता आपल्याला कागदावर दिसते. दिसल्यावर गप्प बसू नये. आत्यांनी हे मला शिकवले. मी त्यांना नुसती अक्षरे शिकवली होती.

ध्यानात ठेवा

१. बसण्याआधी भाव वाचा. आकडा नसेल तर विचारा.
२. भाव परवडत नसेल तर काही मागवण्याआधी उठा. त्यात लाज नाही.
३. जागा दोन माणसांना विचारा.
४. सोबतच्या प्रत्येकाला काय चालते ते आधी पाहा.
५. बोटीआधी हलके जेवा. उपाशी राहू नका.
६. बिल वाचा. माणसेही मोजा.

प्रश्न

१. 'एपीएस' या अक्षरांचा अर्थ काय?
२. बोटीत मळमळू लागते ते का?
३. आत्या आयुष्यभर हॉटेलात चहाच का मागत होत्या?
४. तुम्ही त्या जागी असता तर दीडशे रुपयांचे काय केले असते? खरे सांगा.

हिशेब करा

सात जणांनी १७५० रुपये काढले होते. रात्री १४३० रुपये खर्च झाले. किती उरले? त्यांतून दहा रुपयांचे सात चहा घेतले असते तर किती राहिले असते?